ओट्यावरची आई

“मला जरा डावीकडे सरकव,” आई म्हणाली. “नुसतं छत दिसतंय. छताकडे बघत बसायला मी काय पाल आहे?”

ठकीने ओल्या हातानेच फोन उचलला आणि मिठाच्या बरणीला नीट टेकवून ठेवला. आता लेक दिसायला लागली. म्हणजे पोटापासून वर. फोनला दिसते तेवढीच लेक. पोट ओट्याच्या कडेला लागलेलं, केस वर गुंडाळलेले, हातात सुरी. तिच्या मागे खिडकी आणि खिडकीत दिवेलागणीचा अंधार. इकडे आईच्या दारात मात्र सकाळचं ऊन पायपुसण्यापर्यंत आलं होतं. एकीचा दिवस मावळायचा तेव्हा दुसरीचा उजाडायचा, पण म्हणून बोलणं अडलंय असं कधी झालं नव्हतं.

ठकी रोज सकाळ-संध्याकाळ फोन लावायची आणि ओट्यावर ठेवून द्यायची. मग इकडे शाळेच्या गणवेशांना बाह्या लागायच्या, तिकडे भाजी चिरली जायची, आणि दोन्हीकडचा कारभार आई एकाच तोंडाने हाकायची. तिच्या मशीनसमोर चटईवर काजवाली बसलेली असायची, काज करत नाहीतर बटणं लावत. मध्येच आई “अगं, एवढं जाड कशाला?” म्हणून ओरडायची, की तिकडे ठकी कांदा बारीक करायला घ्यायची आणि इकडे काजवाली टाका उसवायची. नक्की कोणाला बोलली ते आई सांगत नसे. दोघींचंही सुधारलं तर बिघडलं कुठे?

“पाय कसे आहेत?” आईने विचारलं.

“छान आहेत.”

“दाखव.”

“आता कुठे दाखवू? भाजी लागेल ना.”

“काल दूध उतू जात होतं, आज भाजी लागतेय. तुझे पाय काय मुहूर्त बघून बाहेर येतात?”

ठकी हसली आणि कढईत डाव फिरवत राहिली.

तिला नववा लागला होता. आईच्या व्हिसाचा अर्ज जावयाने तिकडूनच, घरच्या कॉम्प्युटरवर भरला होता. आता आईला ठसे द्यायला बोलावणं यायचं होतं आणि मग व्हिसा. बाळाची दुपटी, टोपडी, लंगोट शिवून, धुऊन बॅगेत गेले होते. बॅग दाराशी उभी होती. येणारं-जाणारं गिऱ्हाईक तिला ठेचकाळायचं आणि आई सांगायची, “बघून चाला. माझी जायची तयारी आहे ती.”

तेवढ्यात तिकडे दाराची घंटा वाजली.

“जावई लवकर आले वाटतं.”

“त्याच्याकडे किल्ली असते,” ठकी म्हणाली, आणि हात पुसत बाहेर गेली.

आता आईला नुसती कढई दिसत होती. बाहेरच्या खोलीतून बोलणं येत होतं, तिकडच्या भाषेत. एक आवाज पुरुषाचा, एक बाईचा, मध्ये ठकीचा, आणि तो बारीक बारीक होत चाललेला. त्या भाषेतलं आईला ‘या’, ‘बसा’ आणि ‘उपकार झाले’ यापलीकडे काही येत नव्हतं. पण लेकीचा आवाज बारीक झाला, हे कळायला कसली भाषा लागते? तिने कान टवकारले. कढईतून धूर निघायला लागला.

“ठके! भाजी करपली गं!” आई ओरडली. आवाजही असा तसा नव्हता. चार मशीनं चालू असताना रस्त्यावरच्या भाजीवाल्याला जागच्या जागी उभा करणारा आवाज.

तिकडचं बोलणं एकदम तुटलं. मग बूट वाजले.

दोन माणसं झपझप स्वयंपाकघरात आली. एक ताडमाड उंच माणूस, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला, आणि त्याच्यामागून एक आडव्या बांध्याची, पिकल्या केसांची बाई. उंच माणसाने दारामागे पाहिलं. मग कपाटाशेजारच्या कोपऱ्यात. मग वाकून टेबलाखाली.

“काय शोधतोय हा?” आईने विचारलं. “उंदीर शिरलाय का घरात?”

उंच माणसाने दचकून डोकं टेबलाला आपटून घेतलं. ठकीने गॅस बंद केला आणि मिठाच्या बरणीकडे बोट दाखवलं.

दोघं वाकून फोनमध्ये बघायला लागली. आईनेही चष्मा कपाळावर चढवला आणि त्यांना बघून घेतलं.

“कोण गं हे?”

“व्हिसाच्या कचेरीतले आहेत, आई.” ठकीच्या तोंडावरचा रंग उतरला होता. “तुला शोधायला आलेत.”

“मला? मग सापडले म्हणावं. चहा विचारलास का त्यांना?”

“आई, चेष्टा नाही ही. मागच्या वेळी तू परत गेलीच नाहीस असं दिसतंय त्यांच्याकडे. मुदत संपली तरी इथेच लपून राहिलीस असं.”

आईने तळहाताने मशीनचं चाक थांबवलं.

पिकल्या केसांची बाई सावकाश बोलत गेली आणि ठकी तिचं बोलणं आईला सांगत गेली. येणाऱ्या माणसाचे विमानतळावर ठसे घेतात, फोटो काढतात, कधीपर्यंत राहायचं ते ठरवून देतात. जाणाऱ्याला तसं कोणी थांबवत नाही. त्याचं नाव विमान कंपनी कचेरीला कळवते. मग कॉम्प्युटर येणं आणि जाणं एकमेकांना लावून बघतो. जुळलं की मिटलं. ज्याचं येणं आहे आणि जाणं नाही, त्याचं नाव मुदत उलटली की आपोआप वर येतं, आणि मग त्याने दिलेल्या पत्त्यावर कोणीतरी बघायला जातं. आता या बाईंचं जाणं तर नव्हतंच, वर पुन्हा येऊ द्या म्हणून अर्ज केलेला, तोही याच घरातून!

“म्हणजे शिलाई घातली आणि शेवटची गाठ मारायची राहिली,” आई काजवालीला म्हणाली. मग फोनकडे वळली. “आणि चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आलेत होय? विचार त्यांना, मी काय टाचणी आहे फटीत पडून राहायला? एवढी मोठी बाई लपते कुठे? लपले तरी गप्प बसेन का मी?”

ठकी त्या बाईकडे वळून चार शब्द बोलली.

“काय सांगितलंस?”

“आई म्हणते, काहीतरी गैरसमज झालाय.”

“एवढंच? एवढ्या कापडात एक रुमाल निघाला?”

“आई, ऐक ना गं.” ठकीने फोन जवळ घेतला. डोळे भरले होते. “हे निस्तरलं नाही तर तुला इथे पुन्हा येऊच देणार नाहीत. बाळंतपणाचं सोड, बाळ शाळेत जायला लागेल तरी नाही.”

आईने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाली, “बरं. ठेव मला नीट बरणीला. काय विचारायचंय ते विचार म्हणावं.”

उंच माणसाने विचारलं, त्या गेल्या असतील तर गेल्या कशा? कुठल्या विमानाने?

सगळा दोष त्या मशीनचा होता. मागच्या मुक्कामात आईला जुन्या बाजारात एक काळं, लोखंडी शिलाई मशीन दिसलं होतं, आणि ते दिसल्यावर बाकीचा बाजार दिसायचा बंद झाला. ‘असं लोखंड आता ओततंय कोण?’ म्हणाली आणि त्याच्या शेजारी ठाण मांडून बसली. विमानात एवढं वजन चालेना. जावयाने समजावलं, ठकीने समजावलं. आईचं आपलं एकच, मशीन जाणार नसेल तर मीही जाणार नाही. शेवटी जावयानेच शोधून काढलं की शेजारच्या देशातून सुटणाऱ्या एका विमानात जास्त वजन चालतं. मग गाडीत पुढे आई, मागे पट्ट्याने आवळलेलं मशीन, अशी वरात रस्त्याने सीमेपलीकडे निघाली.

सीमेवर फाटक होतं. येणाऱ्या गाड्यांची ही रांग लागलेली. जाणाऱ्यांच्या बाजूला एकच माणूस, तोही खुर्चीत बसून नुसता हात हलवत होता. आईने पासपोर्ट काढून हातात धरला होता. काचही खाली केली होती, विचारलं तर सांगायला. त्याने विचारलं नाही.

“जाणाऱ्याला कोण विचारतंय, असं तेव्हाच म्हटलं होतं मी जावयाला,” आई म्हणाली. “सांग त्यांना. अगदी असंच्या असं सांग, कापू नकोस.”

फाटक मागे पडल्यावरही तिने कितीतरी वेळ काच वर केली नव्हती, तेवढं मात्र सांगितलं नाही.

उंच माणसाला ते पटलेलं दिसलं नाही. तो बोलला आणि ठकीने मान खाली घालून सांगितलं, “वर येण्याआधी त्यांनी खालच्या आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, हिची आई इथेच असते. रोज सकाळ-संध्याकाळ आवाज येतो.”

“भली बाई आहे ती. तिच्या गुडघ्याला शेक मीच सांगितला.”

“हो. तेही सांगितलं त्यांनी.”

मग त्याने टेबलापाशी असलेल्या खुर्चीकडे बोट केलं. बाकीच्या खुर्च्या उघड्या, आणि त्या एकीवरच पाठीला उशी. ही कोणाची? जेवताना त्या खुर्चीवर उपडं पातेलं असायचं आणि पातेल्याला टेकून आई. जावईसुद्धा तिथे बसत नसे. आता हे परक्या भाषेत कुठून सुरू करायचं, ते ठकीला सुचत नव्हतं.

“हातच्या कांकणाला आरसा कशाला?” आई म्हणाली. “बघून घे म्हणावं.”

तिने फोन उचलला आणि आपलं सगळं घर त्यांना फिरवून दाखवलं. काळं मशीन, त्याच्या सुईखाली अडकलेली बाही. गणवेशांचा ढीग. काजवाली, जिने आधी तोंड लपवलं आणि मग पटकन केस सारखे केले. दाराशी उभी असलेली बॅग. शेवटी उंबऱ्यावर जाऊन तिने फोन रस्त्याकडे वळवला. रस्ताभर झगझगीत ऊन पडलं होतं.

“तुमच्याकडे दिवे लागले, माझ्याकडे ऊन आहे. हे ऊन काय मी लेकीच्या कपाटात दडवून ठेवलंय? विचार त्यांना.”

पिकल्या केसांच्या बाईने मागच्या काळोख्या खिडकीकडे पाहिलं, मग फोनमध्ये पाहिलं. तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. पण कचेरीत ऊन चालत नाही, शिक्का लागतो. आईने मशीनचा खण ओढला, बॉबिन आणि खडूंच्या खालून पासपोर्ट काढला आणि उघडून फोनसमोर धरला.

“उलटा धरलाय, मावशी,” काजवाली पुटपुटली.

“त्यांच्या बाजूने सुलटा असेल. तू आपली काजं बघ.”

काजवालीने तो हळूच सुलटा केला. शेजारच्या देशात आत आल्याचा निळा शिक्का कोपऱ्यात होता. त्या बाईने त्याचा फोटो घेतला, मोठा करून बघितला, आणि मान डोलावली. मग ठकीला काहीतरी सांगून स्वतःचा फोन तिच्यासमोर धरला.

“आता काय?”

“माझ्या तोंडून पाहिजे म्हणते. मी बोलायचं, ती रेकॉर्ड करणार.”

“मग बोल की. त्यात काय?”

ठकीने ओट्यावरचं फडकं घेतलं, त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग तिकडच्या भाषेत एक एवढंसं वाक्य बोलली. ते नीट ऐकू गेलं नसावं, कारण त्या बाईने खुणेने पुन्हा बोलायला सांगितलं. ठकी पुन्हा बोलली.

“काय म्हणालीस?” आईने विचारलं.

“काही नाही.”

“ठके, काय म्हणालीस?”

“तू इथे नाहीस, असं म्हणाले.”

काजवालीने मान वर करून पाहिलं.

“बरोबर आहे,” आई म्हणाली. “खरं तेच सांगितलंस.” आणि सुईत ओवलेला दोरा काढून तोच पुन्हा ओवायला लागली.

सगळं आटोपल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात, मघाशी बाहेर गेलेला उंच माणूस दारातून परत आला. त्याच्या दोन बोटांत चपला लटकत होत्या. रुंद, तपकिरी, मागच्या पट्ट्याला जाड दोऱ्याचा टाका घातलेल्या. तो टाका आईचाच. परत यायचंच आहे, उगाच ओझं कशाला, म्हणून जाताना त्या तिने तिथेच ठेवल्या होत्या. लोखंडी मशीन घेऊन निघालेल्या बाईला चपलांचं ओझं झालं होतं.

उंच माणूस मोठ्याने काहीतरी विचारत होता आणि चपलांचे तळवे उलटे करून दाखवत होता.

“माझ्याच आहेत म्हणावं,” आई म्हणाली. “आणि खाली धर त्या. चिखल पडतोय ओट्यावर.” मग तिचाच हात थांबला. “चिखल? ओल्या आहेत त्या? आज कोण फिरलं माझ्या चपला घालून?”

ठकी त्या बाईला अगदी हळू काहीतरी बोलली. बाईने खाली पाहिलं. मग उंच माणसाने खाली पाहिलं. आता तिघंही खालीच बघत होती. फोनला खालचं दिसत नव्हतं.

“काय आहे? काय पडलंय तिथे?” आई विचारत राहिली.

उंच माणूस वाकला आणि दिसेनासा झाला. वर आला तेव्हा त्याचे हात रिकामे होते. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. पिकल्या केसांच्या बाईने ती उशीची खुर्ची ओढली आणि ठकीला खांदा धरून तिच्यावर बसवलं. आता आईला लेकीच्या डोक्यावरची केसांची गाठ तेवढी दिसत होती. बाई कितीतरी वेळ बोलली, बोट हलवून हलवून.

“काय म्हणतेय ती?”

“काम झालं म्हणतेय. तू गेलीस ही नोंद उद्या ती स्वतः घालणार आहे. मग अर्ज पुढे सरकेल.”

“एवढं लांबलचक बोलली ते एवढंच? माझं बोलणं कापतेस तसं तिचंही कापतेस होय गं?”

गाठ हलली नाही.

निघताना बाई फोनपाशी आली. तिने आईकडे पाहिलं, स्वतःच्या पायाकडे बोट केलं, दोन्ही हातांचे तळवे गोल करून एकमेकांपासून दूर दूर नेले आणि भुवया उंचावल्या. आईने मान हलवली. बाईनेही हलवली. मग बूट वाजले आणि दार लागलं.

“गेले?”

“गेले.”

“आता मला खाली घे.”

“आई, आधी भाजीचं बघू दे, सगळी…”

“करपू दे भाजी. ओट्यावरून खाली घे मला. जमिनीवर ठेव.”

ठकीचा हात आला. दिवा, छत, खिडकी गरगर फिरली आणि फोन टेबलाच्या पायाला टेकला.

फरशीवर आईच्या चपला होत्या, उंच माणसाने शेजारी शेजारी नीट मांडून ठेवलेल्या, आणि ठकीने आता त्यांत पाय घातले होते. पायांना घोटे राहिलेच नव्हते. कातडी ताणून चकचकत होती. मागचे पट्टे बंद होत नव्हते, ते तसेच दोन्हीकडे लोंबत होते.

“माझे बूट चढत नाहीत,” वरून ठकीचा नुसता आवाज आला. “तुझ्याच तेवढ्या होतात.”

काजवालीने हातातलं काज थांबवलं. आता मावशीच्या तोंडाचा पट्टा सुटणार, हे तिला ठाऊक होतं. पण सुटला नाही.

“अंगठा हलव,” आई म्हणाली.

अंगठा हलला.

“दुसऱ्या पायाचा.”

तोही हलला.

“उद्या सकाळी दवाखान्यात जायचं. जावयाला सुट्टी घ्यायला सांग.”

“ती बाईपण तेच म्हणत होती.”

“माहीत आहे मला काय म्हणत होती ते.” आई फोनच्या आणखी जवळ वाकली. “मी आले की पट्टे वाढवून देते. तोवर जपून चाल, मागून निसटतात त्या.”

“बरं. ठेवू का फोन? तुझं काम खोळंबलं असेल.”

फोन बंद करायचा तो नेहमी आईनेच. बोलणं संपायच्या आधीच ती बंद करायची, कामाचं नाव सांगून.

“राहू दे,” ती म्हणाली. “मला राहू दे इथेच खाली. तू बस.”

“मावशी, ही बाही डावी की उजवी?” काजवालीने विचारलं.

आईला ते ऐकू गेलं नाही. मांडीवर बाळाचं एक राहिलेलं दुपटं होतं. त्याच्यावर तिचा अंगठा दाबून दाबून फिरत होता, टाचेकडून वर, टाचेकडून वर.